उन्हाळ्याची सुटी व मागें पडलेलीं मुलें

(शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



  विषय एकच आहे व तो सरळ आहे.

थोड्याच दिवसांत शाळांचे निकाल लागतील. त्या दिवशीं गांवांत दोन तऱ्हेचीं मुलें दिसतात. एक पेढे वाटीत फिरतें आणि दुसरें गोठ्यामागें जाऊन बसतें. पेढे वाटणाऱ्याचें कौतुक करण्यास गांव समर्थ आहे, सत्कारहि होतात, हारहि पडतात. त्यांत भर घालण्याचें आमचें काम नाहीं. दुसऱ्या मुलाबद्दल मात्र कोणी सभा भरवीत नाहीं, म्हणून आज त्याच्याबद्दल बोलावयाचें आहे.

हें मूल पांचवींत आहे असें समजा. पुस्तक समोर धरलें म्हणजे तें धडा घडाघडा म्हणून दाखवितें, आणि आई खूष होते. पण बोट कोठें आहे तें पाहा! तोंड एका ओळींत व बोट भलत्याच ओळींत. धडा ऐकून ऐकून पाठ झालेला आहे, वाचतां येत नाहीं. पुस्तकांतील मधलाच एक शब्द दाखवून हा काय म्हणून विचारलें, तर मूल गप्प होतें, खालीं पाहतें, पायाच्या अंगठ्यानें माती उकरतें. मग बाप म्हणतो, "याला डोकेंच नाहीं. उगाच शाळेंत घालून काय उपयोग? चार शेळ्या घेऊन द्याव्या झालें."

डोकें नाहीं, हें आम्हांस मान्य नाहीं. भाजीवाल्याच्या पोराकडे बाजारच्या दिवशीं जा. चाळीस रुपये किलोचीं पाऊण किलो वांगीं घ्या, वीस रुपये किलोचे दीड किलो कांदे घ्या आणि शंभराची नोट पुढें करा. तुमचा हिशेब जुळेपर्यंत त्यानें चाळीस रुपये परत तुमच्या हातावर ठेवलेले असतात. तेंच पोर शाळेंत फळ्यावरच्या भागाकारापुढें खांबासारखें उभें राहतें. ही केवळ आमची कल्पना नव्हे. ज्यांस २०१९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें ते अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनीं कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत माल विकणाऱ्या मुलांची परीक्षा घेतली. तिचा वृत्तांत 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकांत २०२५ सालीं छापून आला. गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब हीं मुलें तोंडीं बिनचूक करीत, आणि तसलेंच गणित शाळेच्या रीतीनें कागदावर मांडून दिलें कीं अडत. उलट बाजूसहि तेंच दिसलें. नुसत्या शाळेंत जाणाऱ्या मुलांस कागदावरचें गणित येई व बाजारांतलें येईना. सुताराचें पोर फळीवर सुताची चूक पकडतें, कुंभाराचें पोर चिखल हातांत घेऊन कमी-जास्त पाणी सांगतें. अशा मुलांस बुद्धि नाहीं असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

मग हीं मुलें मागें कां पडतात? अक्षरओळखीचें वय पहिली-दुसरीचें. त्या वयांत कोणी आजारी पडलें, कोणाच्या आईचें बाळंतपण झालें म्हणून थोरली मुलगी घरीं राहिली, कोणाचें घर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघून गेलें तें चैत्रांत परत आलें. बीडकडच्या व नगरकडच्या किती तरी कुटुंबांचा हा दरसालचा क्रम आहे. मूल परत येतें तेव्हां वर्ग दहा धडे पुढें गेलेला असतो. वर्ग कोणासाठीं थांबत नाहीं. तिसरीचें पुस्तक असें गृहीत धरतें कीं मुलास दुसरीचें येतें, आणि चौथीचें पुस्तक धरतें कीं तिसरीचें येतें. पाया राहून गेला आणि वर मजले चढत गेले. गुरुजींवर अभ्यासक्रम पुरा करण्याचा तगादा असतो, त्यांनीं पुढच्या बाकांकडे पाहून शिकवावें व मागच्या बाकांनीं ऐकल्यासारखें करावें, असा अलिखित करारच होऊन बसतो.

हें चार-दोन घरांचें दुखणें नाहीं. 'असर' नांवाची पाहणी २००५ पासून देशांत खेड्यांतील घरोघर जाऊन केली जाते. तिच्या २०२४ च्या फेरींत असें दिसलें कीं, पांचवींत बसलेल्या मुलांपैकीं निम्म्याहून कांहीं अधिक मुलांस दुसरीच्या इयत्तेचा सोपा उतारा वाचतां येत नाहीं. महात्मा जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें रोखठोक सांगितलें होतें कीं, सारा भरावा शेतकऱ्यानें आणि त्या पैशावर शिकावें वरच्या वर्गांनीं. राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. त्या थोर पुरुषांमुळें शाळेचें दार आपल्या मुलांस उघडलें. आतां मूल दारांतून आंत गेलें आहे, पटावर नांव आहे, दुपारची खिचडीहि मिळते. आणि पांच वर्षें बाकावर बसून तें अक्षराविना बाहेर येणार असेल तर त्या उघड्या दाराचा त्यास काय उपयोग झाला?

आणखी एक गोष्ट पालकांनीं नीट समजून घ्यावी. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें आठवीपर्यंत कोणास नापास करीत नसत. २०१९ सालीं कायदा बदलला व पांचवी आणि आठवी या दोन इयत्तांस मुलें मागें ठेवण्याची मोकळीक राज्यांस मिळाली. महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं ती घेतली. आतां पांचवीस वार्षिक परीक्षेंत न उतरलेल्या मुलास निकालापासून दोन महिन्यांच्या आंत पुन्हा परीक्षेची संधि मिळते आणि तेव्हांहि तें उतरलें नाहीं तर त्याच वर्गांत बसावें लागतें. हे दोन महिने कोणते? हेच, उन्हाळ्याच्या सुटीचे. ज्या काळांत आपण मुलास मामाकडे धाडतों किंवा शेळ्यांमागें लावतों, त्याच काळांत त्याचें पुढचें वर्ष ठरत असतें. आणि एकदा त्याच वर्गांत बसलेलें मोठें पोर, धाकट्या भावाशेजारीं बसावें लागलें म्हणजे, किती दिवस शाळेंत टिकतें हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. मुलगी असली तर घरांत लग्नाचीं बोलणींच सुरू होतात.

यावर उपाय काय? उन्हाळी शिबिर. शहरांत ज्यास 'समर कॅम्प' म्हणतात, जेथें फी घेऊन घोड्यावर बसवितात व केक करण्यास शिकवितात, त्याविषयीं आम्ही बोलत नाहीं. ज्यांस परवडतें त्यांनीं खुशाल घोड्यावर बसावें. आम्ही सांगतों तें शिबिर गांवच्या शाळेंत, चावडींत किंवा देवळाच्या ओवरींत भरतें आणि त्यास खडू, पाटी, गोष्टींचीं थोडीं पुस्तकें व शिकविणाऱ्याची माया एवढेंच भांडवल लागतें.

हें कोठें झालें आहे काय, असें आपण विचाराल. झालें आहे. बिहारांतील पश्चिम चंपारण जिल्हा घ्या. नीळ पिकविणाऱ्या रयतेचा १९१७ चा लढा ज्या मुलखांत झाला तोच हा मुलूख, गरीब शेतकऱ्यांचा. 'प्रथम' नांवाची संस्था, जिचा आरंभ १९९० नंतरच्या दशकांत आपल्या मुंबईच्याच झोपडपट्ट्यांतून झाला, तिनें व बिहार सरकारनें मिळून तेथें २००८ च्या जून महिन्यांत शिबिरें भरविलीं. शिकविणारे सरकारी शाळांचेच गुरुजी होते, व सुटींत काम केल्याबद्दल सरकारनें त्यांस जादा मोबदला दिला. मुलें तिसरी ते पांचवीचीं, वाचनांत मागें पडलेलीं. कोणत्या गांवीं शिबिर भरवावें हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरविलें होतें, म्हणजे आधींच हुशार गांवें निवडलीं अशी शंका कोणी काढूं नये. महिन्याअखेर शिबिराच्या गांवांतील मुलें इतर गांवांतील मुलांच्या पुढें गेलेलीं दिसलीं. उडी फार मोठी नव्हती. पण अवधि एका महिन्याचा होता हें विसरतां कामा नये.

यांतली खरी विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. त्याच जिल्ह्यांत, तेंच साहित्य व तेंच प्रशिक्षण गुरुजींस देऊन, शाळेच्या चालू वर्षांत त्या रीतीनें शिकवा म्हणून सांगितलें, तेव्हां मुलांच्या वाचनांत फरक पडला नाहीं. जेथें गांवचे स्वयंसेवक जोडीस दिले तेथेंच पडला. गुरुजी तसेच, पुस्तकें तींच, मुलेंहि तसलींच. मग उन्हाळ्यांत शिकविणें कां साधलें? सुटींत माथ्यावर अभ्यासक्रम नव्हता. ज्या मुलास अक्षर येत नाहीं त्यास अक्षरापासून शिकवावें, एवढेंच काम समोर होतें. गुरुजी कामचुकार आहेत अशी ओरड आपल्या सभांतून फार होते, आणि कोठें कोठें ती खोटीहि नसते. परंतु चंपारणचा हा दाखला सांगतो कीं, पुष्कळ ठिकाणीं गुरुजींस शिकवितां येतें, पण जें शिकवावयास हवें तें शिकविण्यास सवड दिली जात नाहीं.

पुढें २०१३-१४ सालीं उत्तर प्रदेशांत याच संस्थेनें दहा-दहा व वीस-वीस दिवसांचीं शिबिरें शाळांतूनच भरविलीं. वर्षांत मिळून पन्नास दिवस, आणि शिवाय उन्हाळ्यांत दहा दिवस. वर्षाअखेर, जेथें शिबिर नव्हतें त्या शाळांत उतारा किंवा गोष्ट वाचूं शकणारीं मुलें सुमारें पाव हिश्शाइतकीं होतीं, आणि जेथें शिबिर झालें तेथें जवळजवळ निम्मीं. दोन महिन्यांच्या कामाचें हें फळ आहे.

आतां थोडें कडू बोलणें आहे. उत्तर प्रदेशांतच जौनपूर जिल्ह्यांत २००५-०६ मध्यें गांवच्या तरुणांनीं मोफत वाचनवर्ग चालविले होते. जीं मुलें गेलीं त्यांस चांगला लाभ झाला. पण गेलीं किती? ज्यांस एक अक्षरहि ओळखतां येत नव्हतें अशा मुलांपैकीं शंभरांत सुमारें तेरा! बाकीचीं सत्त्याऐंशी घरींच राहिलीं. वर्ग फुकट, वर्ग गांवांतच, शिकविणारा गांवचाच. तरी राहिलीं.

जौनपूरच्या घरांत काय बोलणें झालें असेल हें सांगण्यास आम्ही तेथें नव्हतों. आपल्या घरांतलें मात्र आम्हांस माहीत आहे. वर्ग निघाला म्हणजे आपण हुशार मुलास आधीं धाडतों, कारण त्याच्यावर घातलेला वेळ फळेल अशी खात्री वाटते. मागें पडलेल्यास घरीं ठेवतों, कारण "त्याला काय कळणार आहे?" विहिरीचें पाणी आधीं कोणत्या वाफ्यास द्यावें हें आपणांस कोणी शिकवावें लागत नाहीं, सुकणाऱ्या वाफ्याकडे आपण धांवतों. मग पोटच्या पोरांच्या बाबतींतच उलटा व्यवहार कां? दुसरें कारण लाजेचें आहे. "ढ पोरांच्या वर्गांत गेला" असें चारचौघांत होईल ही भीति. यासाठीं आमची सूचना अशी कीं, शिबिरास सर्वांचीं मुलें बोलवावीं, पाटलाचींहि आणि मजुराचींहि. पहिल्या दिवशीं सर्वांनीं वाचून दाखवावें आणि मग गट पाडावे. तिसरें कारण कामाचें. त्यास उत्तर वेळेचें आहे. सकाळीं सात ते नऊ एवढेंच शिबिर ठेवलें तर ऊनहि लागत नाहीं व दिवसाचें कामहि बुडत नाहीं. जिच्या कडेवर धाकटें भावंड आहे तिनें तें बरोबर आणावें. मूल रडलें तर सर्वजण थोडा वेळ रडणें ऐकूं. पण मुलीस घरीं बसवूं नका.

गट कसे पाडावयाचे तें सांगतों, कारण सारें मर्म त्यांतच आहे. इयत्ता विसरावयाची. मुलास एकेकटें जवळ बसवून चार गोष्टी पुढें ठेवावयाच्या: सुटीं अक्षरें, सोपे शब्द, चार ओळींचा उतारा, आणि एक लहानशी गोष्ट. जेथपर्यंत तें न अडखळतां येतें तो त्याचा गट. मग पांचवीचें मूल तिसरीच्या शेजारीं बसेल, बसूं द्यावें. अक्षरांच्या गटानें बाराखडीचा तक्ता रोज मोठ्यानें वाचावा, पण नुसत्या घोकंपट्टीनें नव्हे. तक्त्यांतलीं अक्षरें उचलून आपलें नांव, बैलाचें नांव, गांवाचें नांव करावें, जमिनीवर खडूनें लिहावें. गोष्ट मात्र सर्व गटांनीं ऐकावी. शिकविणाऱ्यानें शब्दांखालीं बोट फिरवीत वाचावी, मग तिच्याविषयीं बोलावें, भांडावें, वाटल्यास नाटक करावें. ज्यास अक्षरच येत नाहीं त्यासहि गोष्टीविषयीं मत असतें, आणि तें मत कोणीतरी ऐकून घेतलें कीं दुसऱ्या दिवशीं तें मूल सातास दहा मिनिटें असतांनाच दारांत उभें असतें. गणितास काड्या घ्या. दहा काड्यांची जुडी बांधली कीं ती दशक. बेचाळिसांतून सतरा काढतांना जुडी सोडावीच लागते. हातच्याचें गूढ तेथेंच उकलतें. बाजाराचा खेळ मांडून खोट्या नोटांनीं देणें-घेणें करावें, आणि तोच हिशेब लगेच पाटीवर मांडावा, म्हणजे तोंडचें गणित व कागदावरचें गणित हीं एकच आहेत हें मुलास दिसेल.

मारणें नाहीं, रागावणें नाहीं, "एवढेंहि येत नाहीं?" हा शब्द नाहीं. ज्यांस हें पाळवणार नाहीं त्यांनीं शिबिरांत शिकविण्यास येऊं नये. चटया घालण्यास यावें.

हजेरीविषयीं मात्र आम्ही सक्त आहोंत. अमेरिकेंतहि गरिबांच्या मुलांचा हाच प्रश्न आहे. तेथें बॉस्टन, डॅलस, पिट्सबर्ग इत्यादि पांच ठिकाणीं २०१३ सालीं तिसरी संपविलेल्या मुलांसाठीं मोफत उन्हाळी वर्ग भरविले. अर्धा वेळ अभ्यास, अर्धा वेळ खेळ व कला, जेवण आणि गाडी सरकारी शाळाखात्याची. जीं मुलें वीस दिवस किंवा अधिक आलीं त्यांचें गणित सुधारलें. जीं कधींमधीं आलीं त्यांस विशेष कांहीं मिळालें नाहीं. तेव्हां लग्नास जावें, जत्रेस जावें, पण एक-दोन दिवसांत परत यावें. पंधरा दिवस मामाकडे राहून उरलेल्या चार दिवसांत वाचावयास शिकवा म्हणाल तर तें कोणाच्या हातून होणार नाहीं.

शिबिरानें सर्वच दुखणीं बरीं होतील असें आम्ही सांगत नाहीं. कांहीं मुलांस फळा दिसत नाहीं, कांहींस नीट ऐकूं येत नाहीं. त्यांस आधीं डॉक्टरकडे न्यावें. चष्मा लागला तर लाज कसली? कांहीं मुलांस, बाकी सर्व बाबतींत चलाख असूनहि, महिनाभर मेहनत घेऊनहि वाचन बसत नाहीं. ही अध्ययन-अक्षमता, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत तिची गणना आहे, व अशा मुलांस परीक्षेंत सवलती मिळतात. शिबिरांत रोज जवळ बसून वाचून घेतल्यानें असें मूल लवकर ओळखूं येतें, नाहीं तर आठवीपर्यंत त्यास आळशीच म्हणत राहतात. आणि जून महिन्यांत शाळा उघडल्यावर पुन्हा तेंच पुस्तक, तोच वेग सुरू झाला तर मिळविलेलें थोडें ओसरेल. म्हणून शिबिर संपल्यावर प्रत्येक मुलाचा कागद, तें कोठें होतें व कोठें आलें याचा, मुख्याध्यापकांच्या हातीं द्यावयाचा आहे, आणि आठवड्यांतून दोन संध्याकाळीं चावडींत वाचनाचा फड चालू ठेवावयाचा आहे.

आतां ठरलेलें सांगतों. शाळेची किल्ली सुटीभर मिळणार आहे, दोन खोल्या व व्हरांडा. शिकविण्यास गांवांतील बारावी झालेल्या चार मुली व एक निवृत्त गुरुजी तयार आहेत. पंधरा मुलांस एक असा हिशेब धरला तर आणखी तीन माणसें लागतील. ज्या आयांस वाचतां येतें त्यांनीं संकोच करूं नये. गोष्ट वाचून दाखविण्यास पदवी लागत नाहीं. सुतारांनीं जुन्या फळ्यांच्या चार पाट्या करून देण्याचें कबूल केलें आहे. पाण्याचा रांजण कुंभारवाड्यांतून येईल. सोमवारीं सकाळीं सात वाजतां सर्व मुलांचें वाचन घेऊं. एका मुलास पांच-दहा मिनिटें पुरतात. नांवें आज येथेंच टिपून घेत आहोंत. ज्यांच्या घरीं एकाहून अधिक मुलें आहेत त्यांनीं सर्वांत मागें पडलेल्याचें नांव आधीं सांगावें.